आधी मेन, मग माणूस

कैलासने आकडा सांगितला, आणि त्यानंतर कोणीच बोलले नाही.

बाबा नाही. मी नाही. स्वतः कैलासही नाही.

त्या शांततेपासूनच सांगायला हवे. हे मी रचलेले नाही. रचले असते, तर शेवट तरी मनासारखा केला असता. नागपूरच्या माझ्या घरात बाबांची खोली आहे. तिथली वायर मी आजवर कोणाला तपासू दिलेली नाही.

जागा नाचणगावचे आमचे घर. वेळ या मे महिन्यातली भर दुपार.

गेल्या मे महिन्यात, अशाच दुपारी, मागच्या पडवीत कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून आई गेली. ओला हात, कूलरचा पत्रा, आत कुठेतरी उघडी पडलेली वायर. आपल्याकडचा प्रत्येक उन्हाळा अशी काही माणसे घेऊन जातो. पेपरात चार ओळी येतात.

त्यातल्या एका बातमीचे नाव सुमती होते.

बाबा आयटीआयमध्ये मुलांना वायरमनचे काम शिकवत. पहिला धडा ठरलेला: कोणाला शॉक लागला, तर आधी मेन स्विच, मग माणूस. त्या दुपारी त्यांनी तेच केले. आईकडे न जाता ते पुढच्या खोलीतल्या मेनकडे धावले. परत आले, तेव्हा...

नियम बरोबर होता.

त्या बरोबर असलेल्या नियमासोबत ते वर्षभर राहिले. मी नागपूरला चला म्हटले, की एकच उत्तर यायचे. "एकट्यानं काय यायचं, वेदा?"

या मे महिन्यात कसेबसे तयार झाले. सामान गाडीत गेले. पंखे, दिवे, फ्रिज, सगळे बंद केले. घराचा आवाज खोलीखोलीतून विझत गेला. कुलूप हातात घेऊन मी सहज वर पाहिले...

मीटरचा लाल दिवा थांबून थांबून लुकलुकत होता.

घरात काहीतरी अजून वीज घेत होते.

बाबांनी कैलासला बोलावले. तो त्यांचा जुना विद्यार्थी. पुलगावात वायरिंगची कामे करतो. वायरीला चिमट्यासारखे धरले की आतला प्रवाह दाखवणारे मीटर घेऊन तो मेनपाशी उभा राहिला.

"सर, पडवीची लाइन ओढून राह्यली. पण तिथं तर काहीच नाई."

खरेच काही नव्हते. कूलर केव्हाच भंगारात गेला होता. सॉकेट काढून बाबांनी वायरींची तोंडे टेपने बंद केली होती.

"करंट किती?"

"पॉइंट तेवीस अँपिअर. व्होल्टेज दोनशे तीस."

"मंग रेझिस्टन्स सांग. मोबाइल नको काढू."

"काय सर, पोरं झाले मले, अन् तुमी अजून परीक्षाच घेऊन राह्यले." हसत हसत त्याने व्होल्टेजला करंटने भागले. "एक हजार ओहम. दोघांचा गुणाकार केला की पॉवर... त्रेपन्न वॅट. जुन्या बल्बाएवढीबी नाई..."

हसू तिथेच थांबले.

हजार ओहम. बाबांच्या पहिल्या धड्यातला आकडा. मलाही तो लहानपणापासून पाठ आहे. ओल्या हातांच्या माणसाचे शरीर विजेला साधारण तेवढेच अडवते. माणूस जायला एका दिव्याइतकीही वीज लागत नाही, असे ते मुलांना सांगत.

मग वास आला...

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा.

मग पडवीत पत्र्यावर बांगड्या टेकल्या... एकदाच.

तिथे पत्रा नव्हता. बांगड्याही नव्हत्या.

माझ्या मनात आले, वर्षभर ती तिथेच उभी आहे का? आपण रडलो, दिवस केले, फोटोला हार घातला. आणि तो क्षण तिच्यापुरता अजून संपलेलाच नाही?

"सर, मेन बंद करतो," कैलास म्हणाला.

बाबांनी त्याचा हात अडवला आणि ते पडवीकडे निघाले.

"सर, आधी मेन. तुमीच तर शिकवलं आमाले."

"मागच्या खेपेले आधी मेनच केला होता, बाप्पा," बाबा म्हणाले. वळले नाहीत.

मी त्यांच्यामागे धावले. पडवीच्या खिडकीखाली, त्या तापल्या दुपारी, फरशी ओली होती...

बाबांनी रिकाम्या हवेत उजवा हात पुढे केला. झोपलेल्या माणसाला हलकेच उठवावे तसा.

हात अधांतरी, कशावर तरी टेकला.

पुढच्या खोलीतून कैलासचा आवाज आला. बारीक, पोरका.

"वेदाताई... पॉइंट सेहेचाळीस झालं."

दुप्पट प्रवाह. म्हणजे निम्मा रोध. दोन सारखे रोध शेजारी शेजारी जोडले, की असेच होते.

पडवीत दोन माणसे होती.

"बंद कर. कैलासदादा, बंद कर."

खटका पडला.

"शून्य," तो म्हणाला.

वास गेला. फरशी पाहता पाहता कोरडी झाली. तेवढ्या प्रवाहात माणूस वाचत नाही. बाबांना साधा चटकाही नव्हता. ते तसेच उभे होते, मान किंचित कललेली, हळू बोलणाऱ्याचे ऐकावे तशी.

मग ते वळले आणि माझ्या बाजूने पुढे गेले. उजवा हात अंगापासून जरा दूर, बोटे अर्धी मिटलेली. दारातून जाताना ते तिरपे झाले. दोघांपुरती जागा केल्यासारखे.

"बाबा..." मी हाक मारली. "एकटेच येताय ना?"

त्यांची पावले क्षणभर मंदावली.

मग ते अंगण ओलांडून गाडीकडे चालत गेले. सावकाश. शेजारच्याच्या चालीने.