पारखी होडी

आईला जाऊन तिसराच दिवस होता आणि तात्या बाजारातून बांगडे घेऊन आले.

हातात पिशवी, मान ताठ, पायांत जोर. भेटायला आलेल्या बायका बघतच राहिल्या. सुतकामुळे घरात चूल पेटत नव्हती. जेवण शेजारच्या सरूकाकूंकडून येत होतं.

"हे काय वो तात्या?" सरूकाकूंनी विचारलं.

"बांगडे. ताजे मिळाले." मग सगळ्यांचे चेहरे बघून ते थांबले. "हां, सुतक. माझ्या लक्षात होतं. पण..." ते शब्द शोधत राहिले. "पण काही अडलं नाही."

हेमांगीनं पुढे होऊन वडिलांच्या हातातली पिशवी घेतली. तो हात जराही हलत नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याच हाताला चमचासुद्धा धरता येत नव्हता.

तात्यांना कंपवात होता. या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी होत जातं आणि शरीर सांगितलेलं ऐकेनासं होतं. डोपामिन बाहेरून देऊन भागत नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून ज्यापासून ते बनतं ते लेव्होडोपा गोळीतून देतात. अडचण अशी की लेव्होडोपा हे एक अमिनो आम्ल आहे. मासे, डाळी, दूध पचल्यावर जी अमिनो आम्लं रक्तात उतरतात त्यांचंच भावंड. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक भिंत असते आणि या सगळ्या भावंडांना ती ओलांडून नेणारी वाहक प्रथिनं एकाच प्रकारची असतात.

खाडीवर पूल होईपर्यंत तात्यांनी माणसं होडीतून या काठावरून त्या काठावर नेली होती. त्यामुळे तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉ. शबाना मुकादम यांनी त्यांना हे त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं.

"तात्या, ही प्रथिनं म्हणजे होड्या समजा. होडीत जागा एकाचीच. आणि ती रिकामी परतत नाही. इकडून एकाला नेते, तिकडून एकाला आणते. तुम्ही मासे खाल्लेत की धक्क्यावर गर्दी होते आणि तुमची गोळी गर्दीत मागे राहते."

"म्हणून मासे खाल्ले की मी लाकूड होतो."

"म्हणूनच."

"मग लाकूड परवडलं, डॉक्टरीणबाई," तात्या म्हणाले आणि आई तोंडाला पदर लावून हसली.

तिनं त्यावर तोड काढली होती. मासे फक्त संध्याकाळी. दिवसभर गोळी चालायची, तात्या हिंडायचे. संध्याकाळच्या पहिल्या दोन घासांनंतर मात्र त्यांचे हात जड व्हायचे. मग आई शेजारी पाट ओढून बसायची, काटे काढायची आणि भरवायची.

"नीट बघ गो, काटा राहील."

"चाळीस वर्षांत राहिला काय? तोंड उघडा."

मग 'पारखी' आली. प्रयोगशाळेत घडवलेलं हे नवं वाहक प्रथिन जवळजवळ फक्त लेव्होडोपालाच पलीकडे नेई. ते कसं बनवायचं याचा निरोप सुईतून शरीरात सोडत. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी तो वाचत, जुन्या होड्या बऱ्याचशा थांबवत आणि नव्या बांधत. महिन्याभरात त्या झिजून जात, म्हणून दर महिन्याला सुई.

"म्हणजे तुमचा नावाडी तोंड बघून आत घेतो," तात्या म्हणाले होते. डॉक्टर हसल्या होत्या. धक्क्यावर मागे कोण राहणार, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

ते हेमांगीनं विचारलं, पण तेराव्यानंतर.

"त्याच होड्यांतून ट्रिप्टोफॅन जायचं," डॉ. मुकादम म्हणाल्या. "त्यापासून सेरोटोनिन बनतं. ते आता बरंच कमी जातं. आम्ही झोप तपासली, भूक तपासली. कुणी उदास झालं नाही. कुणाची तक्रारच नाही."

"माझ्या वडिलांचीही नाही. माझी आहे."

"दुःख एखाद्या रसायनात साठवलेलं नसतं. इतकं सोपं नाही ते. पण ते जाणवायला मेंदूत काहीतरी लागतं आणि ते आम्ही बाहेर ठेवलं असावं. काय गेलं हे सांगायला ते आधी जाणवावं लागतं ना."

"सुई थांबवली तर?"

"जुन्या होड्या परत येतील. आजारही परत येईल. आणि हेमांगी, हे तुम्ही ठरवायचं नाही. त्यांनी."

घरी आल्यावर तिनं तात्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

"तुला काय हवंय?"

"तुम्ही आईसाठी रडायला हवंय." बोलून गेल्यावर तिला लाज वाटली.

"इंदू गेली, ते मला ठाऊक आहे," ते सावकाश म्हणाले. "फार मोठं काहीतरी झालंय, तेही ठाऊक आहे. पलीकडच्या काठावरून कुणी हाका मारतंय, हात हलताना दिसतायत, पण ऐकू काही येत नाही, तसं." ते तिच्याकडे बघत राहिले. "तुला हवंय तर थांबवू."

पुढच्या महिन्यात त्यांची पावलं आखूड झाली. चेहरा थिजला. एका संध्याकाळी हेमांगी त्यांना पेज भरवत होती. त्यांनी तोंड मिटलं आणि तिच्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग त्यांच्या छातीतून एक आवाज आला.

"इंदू."

चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी येत राहिलं आणि ते पुसायला हात उठेना. हेमांगीनं त्यांना घट्ट धरलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच ती एकटी नव्हती. तिला आनंद झाला. त्या आनंदाची तिला भीती वाटली.

"शेवटी... मी तिच्याजवळ होतो ना?" तात्यांनी अडखळत विचारलं.

"होता. तिचा हात धरून बसला होता."

"तिला कळलं असेल?"

"काय, तात्या?"

"की मी तिथं नव्हतो."

हेमांगीनं त्यांचे डोळे पुसले.

पुढचे काही दिवस त्यांनी तेच विचारलं. घास घेताना, कूस बदलताना, पुन्हा पुन्हा. शेवटी एकदा ते म्हणाले, "हेमा, ती सुई..."

"मी आहे ना. आपण दोघं मिळून..."

"इंदू तुझ्याकडे राहू दे. मला नाही पेलत."

डॉ. मुकादमांनी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते हो म्हणाले. दंड उघडा करायला हेमांगीनंच त्यांची बाही वर केली. "घरच्यांसाठी थांबवून बघतात ते सगळे परत येतात," बाहेर पडताना डॉक्टर तिला म्हणाल्या.

आता तात्या पुन्हा पहाटे धक्क्यापर्यंत चालत जातात, घर झाडतात, माणसांशी नीट बोलतात. परवा आईच्या साड्यांच्या घड्या घालताना हेमांगीला हुंदका आवरला नाही, तेव्हा ते हातातलं काम टाकून आले. शेजारी बसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात स्थिर होता, ऊबदार होता, कुठं काही कमी नव्हतं.

"रड हो, रडून घे," ते म्हणाले. बराच वेळ बसले. मग तितक्याच प्रेमळ आवाजात त्यांनी विचारलं, "झालं का?"

हेमांगीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

ते तिथं नव्हते, हे आईलाही कळलं होतं.