आक्काची खोड

पट्टी तिसऱ्यांदा उठली तेव्हा आक्का मध्ये पडली, आणि जो फटका नऊ वर्षांच्या ठकीच्या पाठीवर बसायचा तो आक्काच्या डाव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज काच कापणाऱ्यांच्या घरात कुणाला ओळखता आला नसता? काच तुटते तसाच होता तो... कोरडा आणि एकदाच! "खुक्," ठकीच्या घशातून पुन्हा आवाज निघाला, तिचा डावा खांदा कानापर्यंत उडाला, मान झटकली गेली, आणि पोर कळवळून म्हणाली, "मी श्वास धरते, बाबा. बघा, धरला." तिने गाल फुगवले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तोंड लालबुंद होत चाललं होतं, आणि तिचा बाप पट्टी तशीच उगारून ती किती दम काढते ते बघत उभा होता.

घर म्हणजे पुढे काचेचं दुकान आणि त्यालाच चिकटून मागे तीन खोल्या. आक्काचा भाऊ, म्हणजे ठकीचा बाप, काच कापायचा, त्याच्याहून सहा वर्षांनी थोरली असलेली आक्का काचेच्या कडा घासायची, तसबिरींना चौकटी चढवायची, आणि भावजय, ठकीची आई, गिऱ्हाईक सांभाळायची. या घराचा कायदा एकच होता आणि तो आबांच्या, म्हणजे त्या दोघा भावंडांच्या बापाच्या काळापासून चालत आलेला होता. कटर काचेवर टेकला की कुणी हूं की चूं करायचं नाही. पट्टी लावायची, एका दमात चरा ओढायचा, आणि तो टोकाला पोचेपर्यंत घरादाराने श्वास रोखून धरायचा. अशा घरातल्या पोरीला वर्षभरापूर्वी झटके सुरू झाले, दुखऱ्या बोटालाच ठेच लागायची म्हणतात ना, तसं! चरा अर्ध्यावर असताना ठकीचं 'खुक्' व्हायचं, भावाचा हात ढळायचा, काच वाया जायची, आणि मग खुंटीवरची पितळी कडेची लाकडी पट्टी खाली यायची.

आधीच्या डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला थेंब दिले, मग जंतांचं औषध दिलं, आणि शेवटी पोरगी लाडावली आहे असं सांगून हात झटकले. अखेर शाळेतल्या बाईंनी एका नव्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. उद्या सकाळी साडेदहाची वेळ मिळाली होती. तिथल्या मुलीने फोनवर समजावून सांगितलं होतं की अशा झटक्यांना टिक्स म्हणतात, मूल मुद्दाम करत नाही. तरी पंधरा दिवसांची वही ठेवा, मोबाइलवर चित्रण करून आणा, कारण पोरं नव्या जागी झटके दाबून धरतात, आणि छापील फॉर्म भरून आणा. चित्रण आणि फॉर्म भावजयीने अंगावर घेतले. वही आक्काकडे आली, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

आक्काने वही खरी लिहिली होती. झटका कधी आला, किती वेळ टिकला, आणि त्याच्या आधी काय घडलं होतं. या शेवटच्या रकान्यात पंधरापैकी अकरा दिवस एकच वाक्य होतं: 'बाबांनी मारलं.' दुपारचं जेवण आटोपल्यावर भावाने सहज म्हणून वही चाळली आणि त्याचा चेहरा पालटला. परक्या बाईपुढे आपल्याला कसाई म्हणून उभं करायचा हा घाट आहे म्हणत त्याने वही मधोमध फाडली, उद्या कुणी कुठेही जाणार नाही, या दुखण्याचं औषध आपल्या घरातच आहे, असं बजावलं आणि पट्टी खुंटीवरून उतरवली.

"तुझी खोड कशाने गेली, आक्का?" आता तो धापा टाकत विचारत होता. "याच पट्टीने ना? आबांनी तुला फोडून काढलं म्हणून तू माणसात आलीस. मग मी हिला सरळ करतो तर तू मध्ये का तडमडतेस? तुझ्याकडूनच आलंय हे तिच्यात."

यात नवीन काही नव्हतं. आक्काला लहानपणी झटके यायचे हे साऱ्या गोतात ठाऊक होतं. त्यापायी तीन स्थळं उंबऱ्यावरून परत गेली आणि चौथं कुणी आणलंच नाही. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. आक्काने तर कधी दोन्हींपैकी काही धरायचा प्रयत्न केला नव्हता. आज सकाळीसुद्धा फॉर्मवर 'कुटुंबात आणखी कुणाला हा त्रास होता का?' या प्रश्नापुढे भावजयीने 'आत्या' असं लिहिलं, ते तिने वाचलं आणि मुकाट्याने शाई वाळू दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची... चाळीस वर्षं तिने ती मूठ झाकून धरली होती, त्यातच तिला आयुष्याचं सार्थक वाटलं होतं! आणि आज, हाताची बोटं सुजत असताना, तिला लख्ख दिसलं की त्या झाकल्या मुठीची किंमत ही पोर मोजते आहे. आबांच्या माराने आक्का बरी झाली, या एका समजुतीवर ही पट्टी पुन्हा खाली आली होती.

"ती खोड माझी नव्हती," आक्का म्हणाली. "तुझी होती."

भाऊ हसला. मोठ्याने, कडवट हसला.

"तू सहा वर्षांचा होतास. आबा मोठा आरसा कापत होते, तू टेबलाशी उभा होतास. तुझं 'खुक्' झालं आणि आरसा गेला. तुला त्यांनी याच पट्टीने मारलं, तू निपचित पडेस्तोवर मारलं. तुझा उजवा कान तापाने गेला असं तुला सांगितलंय ना? तो तापाने नाही गेला."

मग तिने बाकीचंही सांगून टाकलं, एका दमात, चरा ओढावा तसं, मध्ये थांबलं तर पुन्हा सुरू करता येणार नाही या भीतीने. आई आधीच गेलेली होती. दोन दिवस बारा वर्षांची आक्का त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला, आणि आबांच्या पाठीमागे त्याच्या घशातून पुन्हा तोच आवाज आला. आबा वळले. आक्काने खांदा उडवला, मान झटकली, घशातून 'खुक्' काढलं आणि म्हणाली, मी केला. त्या दिवसापासून पाच वर्षं ती त्याच्या मागेच उभी राहायची. त्याचा आवाज निघाला की तिचा त्याहून मोठा निघायचा. रात्री तो घाबरून विचारायचा, तेव्हा ती त्याला पढवायची की तुला काही नाही, झटके मला येतात, तुझ्या कानात फक्त माझा आवाज राहतो. वाढत्या वयात त्याचे झटके आपोआप कमी झाले, तशी तीही थांबली. आबांनी पट्टी खुंटीला टांगली आणि चारचौघांत सांगितलं की बघा, मारल्याने जाते.

"मारून काही गेलं नाही," आक्का म्हणाली. "माझ्यात जायला काही नव्हतंच."

"खोटं!"

त्याने तिला ढकललं. आक्काचं कपाळ कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर आदळलं आणि भुवईतून रक्ताची धार डोळ्यात उतरली. त्याने भिंतीला टेकवलेला, उद्या गिऱ्हाइकाला द्यायचा आरसा उचलून जमिनीवर आपटला. सगळ्या खोलीभर काचा उडाल्या, ठकी किंचाळली आणि स्वतःच्याच आवाजाला घाबरून दोन्ही हातांनी तोंड दाबून कोपऱ्यात बसली. मला वेडा ठरवता काय, तो ओरडत होता, पोरीला वाचवायला वाटेल ते रचता काय! तो पट्टी घेऊन पुन्हा वळला, आणि त्याच्या वाटेत भावजय उभी राहिली.

बारा वर्षांच्या संसारात ती त्याच्यापुढे मोठ्याने बोलली नव्हती. आत्ताही बोलली नाही. तिने मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. काल डॉक्टरीणबाईंसाठी केलेलं चित्रण सुरू झालं.

ठकी जेवणाच्या टेबलाशी अभ्यास करत होती. तिचा डावा खांदा उडाला, मान झटकली, 'खुक्' झालं. मागे उघड्या दारातून दुकान दिसत होतं. भाऊ वाकून चरा ओढत होता. चरा संपला, त्याने कटर उचलला, सुटकेचा श्वास टाकला... आणि त्याचा डावा खांदा कानापर्यंत गेला, मान त्याच बाजूला झटकली, घशातून तेच 'खुक्'! दोन मिनिटांत तीनदा. एकदा तर बापलेकीचे खांदे बरोबरच उडाले. काचेची पूड घशात गेली की त्याला खाकरावं लागतं, असं घरातल्या सगळ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि एकदा ठरवलेल्या गोष्टीकडे पुन्हा कोण बघतं?

"मी काल तीनदा बघितलं हे," भावजय म्हणाली. "तरी सकाळी वन्संचं नाव लिहिलं. तुम्हाला भिऊन."

"खुक्."

सगळ्यांनी ठकीकडे पाहिलं. ठकीने दोन्ही तळवे तोंडावर घट्ट दाबून धरले होते, तिचे डोळे विस्फारले होते, आणि ती आपल्या बापाकडे बघत होती.

तिने हळूच हात काढले. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हालापण आतून कुणीतरी ढकलतं?"

भावाचा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला. तो त्या काचांमध्येच मटकन खाली बसला. चाळीस वर्षांचं काय काय त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असेल ते त्यालाच ठाऊक. आक्काची तीन स्थळं, आक्काचे सुजलेले तळहात, आणि ती मार खात असताना आपण दाराआड उभं राहून, बरं झालं मला नाही, असं म्हणत असायचो तो क्षण... तोही गेला असेल.

"कशाला केलंस?" त्याने विचारलं. आवाज लहान मुलाचा झाला होता.

"तुझ्या अंगावर मार खाण्याइतकं मांस कुठे होतं?" आक्का म्हणाली.

तो हुंदके देऊ लागला. त्याने पट्टी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली आणि मला मार, आक्का, जीव जाईपर्यंत मार, असं म्हणत राहिला. आक्काला त्या क्षणी त्याची माया आली, तितकाच संतापही आला. रक्ताने चिकटलेला डोळा तिने पदराने पुसला.

"काच कापायची पट्टी आहे ती. जागेवर ठेव," ती म्हणाली. "आणि ऐक. आजवर तुझा मार मी घेतला, तो माझा निर्णय होता. या पोरीने कुणाचा मार घ्यायचा नाही. उद्या वही त्या बाईंना दाखवायची, सगळी. आणि तुझा हात पुन्हा उठला तर त्याच दिवशी ठकीला आणि तिच्या आईला घेऊन मी या घराबाहेर पडेन. रडून मागे बोलावलंस तरी येणार नाही."

भावजय ठकीला उचलून काचांबाहेर घेऊन गेली. संध्याकाळी दवाखान्यात आक्काच्या हाताला प्लास्टर घातलं, भुवईला चार टाके पडले. कसं लागलं म्हणून तिथल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा जन्माच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं की पाय घसरला. "मी मारलं," मागून भाऊ म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, सगळं लिहून घेतलं आणि बाहेर थांबायला सांगितलं. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

सकाळी आक्का उठून आली तेव्हा खोली झाडलेली होती. चौकटींच्या पाठीला लावायची तपकिरी चिकटपट्टी घेऊन भाऊ फाटलेल्या वहीची पानं जोडत बसला होता, अकराही दिवस शाबूत येतील असं जपून, एकेक कड जुळवत. ठकी जरा लांबच, आईच्या मांडीला टेकून त्याच्याकडे बघत होती. एका रात्रीत पोर बापाजवळ थोडीच जाते! त्यानेही तिला बोलावलं नाही. वही झाल्यावर त्याने फॉर्म ओढला, 'आत्या' हा शब्द खोडला, वर 'वडील' असं लिहिलं आणि पुढच्या प्रश्नापाशी अडला. 'त्यांना कोणते उपचार दिले?' असं तिथे छापलं होतं.

मग त्याने लिहिलं आणि ते आक्कापुढे सरकवलं, कापलेली काच कडा घासायला सरकवतो तसं. अक्षर वाकडं होतं. 'बहिणीने माझ्याऐवजी मार खाल्ला. पाच वर्षे.'

आक्काने ते दोनदा वाचलं. चाळीस वर्षांत कुणी ते लिहिलेलं तिने पाहिलं नव्हतं, आणि तिचे डोळे भरून वाहू लागले, तिने ते वाहू दिले. मग तिने उजव्या हाताने फॉर्मची घडी घातली, ती वहीत ठेवली आणि साडेदहाला पोचायचं आहे, आवरा, असं सगळ्यांना सांगितलं.

भाऊ दाराला कुलूप लावत असताना ठकीचा खांदा उडाला, "खुक्" झालं, आणि तिने सवयीने गाल फुगवून श्वास धरला. बापाने मागे वळून पाहिलं. तो तिच्या उंचीएवढा खाली बसला, तिच्यापासून दोन हात लांबच.

"सोड, बाळा," तो म्हणाला. "श्वास सोड."