पिवळी टिकली

भाकरी वाढण्याआधी ज्योत्स्नाताईंनी नवऱ्याचं मनगट उलटं करून बघितलं. टिकली हिरवी होती. मग त्यांनी ताटात चतकोर भाकरी ठेवली, दुधी भोपळ्याची भाजी ठेवली, आणि थोडा विचार करून त्या चतकोरातलाही एक तुकडा मोडून टोपलीत परत टाकला.

"मनगटाला विचारून नवऱ्याला जेवायला घालणारी धुळ्यात तू एकटीच," दुसाने सर म्हणाले.

"असू दे. जेवा."

सर जेवले. वाद घालायलाही अंगात थोडा जीव लागतो, आणि तो हल्ली ते आंघोळीसाठी राखून ठेवत.

टिकली हे काही तिचं खरं नाव नव्हे. खोक्यावर 'अमोनियादर्शक त्वचाचकती' असं छापलेलं असतं, पण एवढं कोण बोलणार? कातडीला चिकटणारी ही रुपयाएवढी चकती रक्तातल्या अमोनियाचा अंदाज घेते, रंग बदलते आणि रंग बदलला की घरच्यांच्या मोबाइलवर इशारा पाठवते. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं शरीरात मोडतात तेव्हा अमोनिया तयार होतो. धडधाकट यकृत त्याचं युरिया करून लघवीवाटे बाहेर घालवतं. यकृत सिरोसिसनं निबर झालं की तो रक्तात साचतो, मेंदूपर्यंत पोचतो आणि माणसाला भ्रम होतो. हिरवी टिकली म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे अमोनिया वाढतोय, लाल म्हणजे सरळ दवाखाना. टिकली आल्यापासून शेजारीपाजारीही "सर कसे आहेत?" असं न विचारता "टिकली कशी आहे?" असं विचारू लागले होते.

सरांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. मधुमेह आणि चरबीनं त्यांच्या यकृताचं वाटोळं केलं होतं. सुरुवातीला ते हे सगळ्यांना समजावून सांगत. मग सांगण्याचाच कंटाळा आला. आता कोणी भुवई उंचावली की ते नुसतं हसत आणि विषय बदलत.

ज्योत्स्नाताईंच्या धास्तीला मात्र कारण होतं. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाहून परतल्यावर सरांनी घरी डाळ-बट्टी खाल्ली होती, अगदी बोटं चाटून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सदरा उलटा घालून ओट्यापाशी आले आणि बायकोला अदबीनं म्हणाले, "ताई, आपण कोणाकडे आलात?" सर चेष्टा करतायत असं वाटून त्या हसल्या. मग टिकली दिसली. लालभडक.

दवाखान्यातून सर आठवडाभरात शुद्धीवर येऊन घरी परतले, पण ते हसणं ज्योत्स्नाताईंच्या मनातून गेलं नाही. त्या एकवीरादेवीला गेल्या आणि बोलल्या, की टिकली सलग वर्षभर हिरवी राहू दे, तोवर माझ्या घरात डाळ शिजणार नाही. त्यांनी स्वतःही डाळ सोडली. कळण्याच्या भाकरीच्या पिठातले उडीद गेले, नुसती ज्वारी उरली. दूध चहापुरतं राहिलं. आणि रोज संध्याकाळी त्या सरांना विचारू लागल्या, "माझं नाव काय?"

"ज्योत्स्ना. माहेरची बागूल. वरणात मीठ विसरणारी."

"वरण कुठलं आता," त्या म्हणत, आणि त्यांना बरं वाटे.

वर्ष सरत आलं होतं. टिकली बहुतेक हिरवीच असे. आणि तीन दिवसांपूर्वी सर कलमाच्या चाचणीत नापास झाले होते.

कलम म्हणजे रुग्णाच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेलं यकृताचं ठिगळ. ते मूळ यकृतावर बसवतात आणि ते हळूहळू काम उचलतं. सरांचं कलम तयार होत आलं होतं. पण ते बसवून घ्यायला शरीरात ताकद हवी. हाताची पकड मोजतात, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायला लावतात. आयटीआयमध्ये वर्षानुवर्षं वेल्डिंग शिकवलेले दुसाने सर, जे एका हातानं गॅसचं सिलिंडर कलतं करून गडगडत न्यायचे, ते दुसऱ्यांदा खुर्चीतून उठताना मध्येच थांबले आणि खाली बसले. तिसऱ्यांदा उठायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

म्हणून आज दोघं आहारतज्ज्ञ शबनम तडवींच्या पुढ्यात बसले होते. तडवी मॅडमनी सरांचा दंड चिमटीत धरून बघितला आणि पडद्यावर त्यांच्या मांडीचा छेद दाखवला. स्नायू निम्म्यावर आले होते.

"डाळ केव्हापासून बंद आहे?"

"वर्ष होईल," ज्योत्स्नाताई थोड्या अभिमानानं म्हणाल्या. "टिकली हिरवी ठेवलीय मी."

"काकू, बंद करायला कोणी सांगितलं?"

सांगितलं कोणीच नव्हतं. सांगायची गरजच काय होती? डाळ खाल्ली आणि माणूस ओळख विसरला, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

"यकृत थकलं की अमोनिया आवरायचं काम स्नायू अंगावर घेतात," तडवी मॅडम म्हणाल्या. "सरांना निरोगी माणसापेक्षा जास्तच प्रथिनं लागतात. ती ताटातून मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. त्यातूनही अमोनिया होतोच. आणि आवरणारे हात कमी होतात. हल्ली थोडं खाल्लं तरी टिकली पिवळी पडते ना?"

"पडते. म्हणून तर मी अजून कमी करते."

बोलून झाल्यावर त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं.

"पण मग त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "डाळ-बट्टीच खाल्ली होती ना?"

"त्याआधी काय झालं होतं? पोट साफ होत होतं?"

"लग्नाला गेलो होतो. बसचा प्रवास. यांचं रोजचं ते रेचक सरबत घेतलं की सारखं जावं लागतं, आणि वऱ्हाडाची बस कुठे थांबवणार? म्हणून जातानाही दिलं नाही, येतानाही नाही." त्या थांबल्या. "ते तर पोटाचं औषध आहे."

"अमोनियाचंच आहे, काकू. आतड्यातून त्याला ते बाहेर काढतं."

वर्षभर डाळीला शिक्षा झाली होती, आणि ती सरांनी भोगली होती. ज्योत्स्नाताईंना रडू आलं नाही. त्यांना फक्त फार दमल्यासारखं झालं.

"कलम अजून चार महिने जिवंत ठेवता येईल," तडवी मॅडम म्हणाल्या. "तेवढ्यात ताकद भरून काढायची. डाळ, दही, पनीर, कळण्याची भाकरी. थोडं थोडं, सारखं, आणि झोपण्यापूर्वीही काहीतरी. रात्रभर उपाशी ठेवू नका. औषध चुकवू नका. टिकली पिवळी होईल, होऊ द्या. तिच्याकडे नको, सरांकडे बघा. दिवसा झोप काढतायत का, बोलणं तुटतंय का, हात पुढे धरले की पंजे लटपटतायत का. तसं वाटलं तर लगेच या."

"आणि मला कळलंच नाही तर?" ज्योत्स्नाताईंनी विचारलं. "मागच्या वेळी मी हसले होते, मॅडम."

"तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" एवढंच तडवी मॅडम म्हणाल्या.

रिक्षातून घरी येताना ज्योत्स्नाताई हळूच म्हणाल्या, "पण मी देवीला शब्द दिलाय."

"देवीनं डाळ मागितली नव्हती," सर म्हणाले. "तूच देऊ केलीस. तीही माझ्या ताटातली."

संध्याकाळी वर्षभरानं त्या घरात कुकरमध्ये तूरडाळ शिजली. हिंग-जिऱ्याच्या फोडणीचा वास सुटला तसे सर न बोलावता स्वयंपाकघरात येऊन बसले. ज्योत्स्नाताईंनी आधी सरबताचं माप पुढे केलं, ते संपल्याची खात्री केली, मग वाटी भरली. स्वतःच्या ताटात मात्र वाढली नाही. निदान आपल्यापुरता शब्द पाळायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

सर सावकाश जेवले. वाटी संपली. तरी ते ताटावरून उठले नाहीत, आणि त्यांच्या नकळत मनगटावरचा हिरवा रंग फिकुटला, मग पिवळा झाला. ज्योत्स्नाताईंचा मोबाइल थरथरला. त्यांनी तो पालथा घातला.

"माझं नाव काय?"

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, "मीठ विसरलीस. अजून थोडी वाढतेस का?"

ज्योत्स्नाताईंनी पळी डाळीत बुडवली आणि ती तशीच धरून ठेवली. ही नेहमीची चेष्टाच होती, की त्यांना नाव आठवलं नव्हतं? मीठ तर त्या खरंच विसरल्या होत्या. टिकलीकडे न बघता त्या सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. सदतीस वर्षं बघितलेला चेहरा ओळखायला अजून किती वेळ बघावं लागतं?