एमिल्सेबाईंच्या टेबलावरचा मॉनिटर

"ओळ सरळ लाव रे राजा, वाचणाऱ्याची मान दुखेल!"

पंधरा वर्षं झाली, तरी एमिल्सेबाईंचा तो आवाज ओस्वाल्दोच्या कानात ताजा होता. बारांक्विया शहरातल्या याच छापखान्यात बाईंनी त्याला अक्षरांचे खिळे जुळवायला शिकवलं होतं. आज त्याच बाई चोर ठरून दाराशी उभ्या होत्या. म्हणून तर तो नीदियाताईंना घेऊन आला होता. शहरातल्या सगळ्यात तल्लख गुप्तहेर त्या, आणि हा त्यांचा संथ मदतनीस.

कार्निव्हलच्या एका नाचपथकाचं इथे छापायला आलेलं गुप्त चित्र मिरवणुकीच्या आठवडाभर आधीच प्रतिस्पर्धी पथकाच्या भिंतीवर झळकलं होतं. त्याची फाइल होती फक्त बाईंच्या कॉम्प्युटरवर.

"शनिवारपर्यंत दुसरा चोर दाखवा, नाहीतर यांनी घरी बसावं," मालक रुबिएल खिडकीकडे बघत म्हणाले.

"बारा ते दोन मी घरी जेवते," बाई म्हणाल्या. "तेव्हा किल्ली मालकांकडे, नाहीतर त्यांच्या भाच्याकडे."

भाचा हाडेर पानांची मांडणी करायचा. बोलता बोलता त्याने भिंतीवरचं कललेलं कॅलेंडर सरळ केलं.

"फाइल केवढी मोठी! फ्लॉपीत मावत नाही. न्यायची तर दुसरा कॉम्प्युटर इथे आणून तारेनेच उतरवावी लागेल."

"तुझ्याकडे आहे ना एक?" नीदियाताईंनी विचारलं.

"आहे की! बोगोताहून आणलाय, गावात तसा दुसरा नाही. पण तो घराबाहेर कधी पडलेला नाही, ताई. तपासायचाय? उद्या आणतो."

"डिस्क पुसून आणेल लेकाचा," ओस्वाल्दो बाहेर पुटपुटला.

"पुसू दे. डिस्क हवीय कुणाला?" नीदियाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. नीदियाताईंनी हाडेरच्या कॉम्प्युटरचं खोकं आधी मालकांच्या खोलीतल्या मॉनिटरला जोडलं. पडद्यावरचं चित्र डावीकडे सरकलेलं, उजवीकडे काळी पट्टी.

मग बाईंच्या टेबलावर. मॉनिटर त्याच बनावटीचा. काच उजळली आणि चित्र चारही कडांना बरोब्बर टेकलं.

"जादू?" ओस्वाल्दोने डोळे चोळले.

"आठवण," नीदियाताई हसल्या. "प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या पद्धतीने चित्र पाठवतो. नवी पद्धत आली की चित्र वाकडं दिसतं. काचेखालची बटणं दाबून ते एकदा बसवलं, की मॉनिटर त्या पद्धतीची मापं जपून ठेवतो. वीज गेली तरी विसरत नाही. तीच पद्धत पुन्हा आली की चित्र आपोआप जागेवर बसतं. घराबाहेर न पडलेल्या या खोक्याची मापं बाईंच्या मॉनिटरला कुणी शिकवली?"

हाडेरचा चेहरा पडला.

"फाइल उतरवताना तुझ्या खोक्याला पडदा हवा होता, म्हणून तू बाईंचा मॉनिटर जोडलास. दहा मिनिटांचं काम! दुसऱ्या कुणी वाकडं चित्र चालवून घेतलं असतं. पण मांडणी करणारा तू. तुला काळी पट्टी बघवेना."

"डोळ्यांत खुपत होती हो..." तो पुटपुटला आणि जीभ चावली.

छापखान्यात एकच कल्ला झाला. कुणी पत्र्याच्या डब्यावर ताल धरला, कुणी यंत्राच्या कठड्यावर. ओस्वाल्दोने बाईंना खुर्चीसकट उचललं. "अरे मेल्या, पाडशील!" बाई ओरडत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या.

मालकांनी हात वर केला. ताल थांबला.

"एमिल्सेबाई," ते म्हणाले. "त्या दुपारी मी त्याला खोकं आत नेताना पाहिलं होतं. बहिणीचा पोर म्हणून गप्प बसलो. तुम्ही चोर नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."