निमिषची मंजुरी

हे खरं घडलंय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

मी तनुजा. राहायला मोशीत, नोकरी चाकणच्या एका कंपनीत. गोष्ट याच पावसाळ्यातली, तीही भरदुपारची. रात्र असती तर मीच म्हटलं असतं, भास झाला असेल.

आम्ही पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो. कामगाराचा हात आत असेल तर प्रेस खाली येऊ द्यायची नाही, हे त्याचं मुख्य काम. हा कोड ओपन सोर्स आहे. इंटरनेटवर त्याचं पान कुणीही उघडून बघू शकतं. त्यात काही बदलायचं तर दोघांची मंजुरी लागते. ती मिळाली की बदल थेट कारखान्यातल्या मशीनवर जातो.

एक मंजुरी आमच्या मॅनेजरची, सुरेंद्र सरांची. दुसरी आमच्या टीममधल्या निमिषची.

निमिष जूनमध्ये डेंग्यूने गेला. मारुंजीच्या भाड्याच्या खोलीत तापाने फणफणत असतानाही सर त्याला फोन करून काम सांगत होते.

त्याच्या जागी दुसरा माणूस नेमायला हवा होता. सरांनी निमिषचा लॅपटॉप तसाच चालू ठेवला. त्याच्या नावाने स्वतःच मंजुरी देऊ लागले. वडापाव खाता खाता, तेलकट बोटांनी.

"कोण बघतंय?" असं म्हणायचे.

मला शिसारी यायची. त्या की-बोर्डकडे बघवायचं नाही.

मग एका कारखान्याची तक्रार आली. प्रेस सारखी थांबते, माल कमी निघतो. सरांनी उपाय काढला, हात ओळखणारा सेन्सर थोडा सैल करायचा. त्याच प्रेसवर माझा धाकटा भाऊ प्रीतम काम करतो. मी सरांना तसं स्पष्ट सांगितलं.

"मग त्याला सांग, हात सांभाळून घाल," ते म्हणाले.

स्वतःची मंजुरी दिली, निमिषचीही दिली आणि बोटं चाटत जेवायला गेले.

मी त्या पानाकडे बघत बसले होते. निमिषच्या नावापुढे हिरवी खूण होती.

आणि मग...

ती गेली.

खाली ओळ उमटली. 'निमिषने मंजुरी मागे घेतली.'

मी मान वळवली. लॅपटॉपसमोरची खुर्ची रिकामी होती. आसपास कुणीच नव्हतं.

वास मात्र होता... बंद डब्यात आंबलेल्या वरणाचा. त्यात दवाखान्यातलं स्पिरिट मिसळल्यासारखा.

मी जवळ गेले. बटणं ओली होती. चिकट, घामाने भिजल्यासारखी. बोट लावलं तर गरम लागली... तापलेल्या कपाळासारखी.



स्क्रीनवर अजून एक ओळ आली होती.

'हात आत आहे.'

मी प्रीतमला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नुसती रिंग वाजत राहिली...

शेवटी त्याचाच आला. आवाज कापत होता.

"ताई, प्रेस खाली येता येता मधीच थांबली. माजा हात आतच व्हता. बटन कुनीच दाबलं न्हाई."



सर आले. सगळं ऐकलं, वाचलं. चेहरा उतरला त्यांचा. लॅपटॉप बंद केला, वायर काढली, कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी मी साधा बदल पाठवला. लगेच उत्तर आलं. माझी चूक दाखवली होती आणि ती खरंच चूक होती.

नाव निमिषचं. लॅपटॉप कपाटात बंद.

सरांनी ते वाचलं. मग चक्क हसले.

"बरंय की. पगार नको, सुट्टी नको. राहू दे चालू."

मी बाथरूममध्ये जाऊन ओकले.

गेल्या आठवड्यात निमिषच्या आईचा, सुहासिनीकाकूंचा फोन आला. त्या कासारवाडीला एकट्याच असतात. मुलाचं नाव दिसतं म्हणून रोज मोबाइलवर ते पान उघडतात.

"मला त्यातलं काही कळत नाही गं," काकू म्हणाल्या. "पण त्याच्या नावापुढे रोज काहीतरी नवीन येतं. रविवारीसुद्धा. ते खातं तुला बंद करता येतं ना? कर बाई. झोपू दे त्याला."

मी हो म्हणाले.

खातं बंद करायचं बटण माझ्यासमोरच आहे. एकदा दाबलं की झालं. पण सरांनी तो सेन्सरचा बदल पुन्हा पाठवलाय. रोज पाठवतात. रोज तो निमिषच्या नावाने नामंजूर होऊन परत येतो; दुसरं कुणी अडवणारं नाही. प्रीतमला म्हटलं, सोड ती नोकरी. तर म्हणाला, "ताई, ती मशीन आता लई भारी चालतीया."

आजही ऑफिसात तो वास होता... कालच्यापेक्षा जास्त. खुर्चीचं कापड ओलं होतं.

सरांची किळस येते, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. काकूंचा फोन मात्र मी आता उचलत नाही.