ओल्या चुन्याचा निळा

शुक्रवारी सकाळी रहिमो भावाला न्याहारी द्यायला गेली, तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. मुफद्दल गच्चीच्या जिन्याखाली पडला होता. एक चप्पल पायात, दुसरी वरच्या पायरीवर. डोक्याखालचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

हातातली बिसाराच्या गरम कढणाची वाटी आपण कुठे ठेवली, हे तिला पुढे आठवेना. एवढंच आठवलं, की कॅमेरा नव्हता. आणि कॅमेऱ्याशिवाय मुफद्दल गच्चीवर जात नसे. निवृत्तीनंतर त्याने एकच नाद धरला होता. गच्चीवरून दिसणारं अंजिराचं झाड आणि मागचा आठकोनी मिनार. पानगळीत, बर्फात, पालवीत, रणरणत्या उन्हात, नेहमी तेच झाड, तोच मिनार. सारं शेफशावन गाव त्याला हसायचं. रहिमोही हसायची, आणि मग आपलं औषधांचं दुकान बंद करून स्वतःचा कॅमेरा घेऊन त्याच्या शेजारी उभी राहायची.

दुपारपर्यंत पोलिसांनी हातिमला उचललं. हातिम म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा.

“काल दुपारी मामा-भाच्याची जुंपली होती?” इन्स्पेक्टर बेनसैदने विचारलं.

“जुंपली होती. त्याला गच्चीवर कॉफीखाना काढायचा होता. भावाला नको होता.”

“‘या गच्चीपायीच मराल तुम्ही!’ असं ओरडला. अख्ख्या गल्लीने ऐकलं.”

“ऐकणारच! अख्खी गल्ली बाहेर होती. रमजान तोंडावर आलाय, आम्ही बायका भिंतींना निळा चुना देत होतो. जीवच घ्यायचा होता, तर एवढ्या साक्षीदारणी गोळा केल्या असत्या का त्याने?”

“त्याच्या बाहीला निळा रंग आहे, लल्ला रहिमो,” तो आदर राखून म्हणाला.

“दुपारी घासला असेल. भिंत ओली होती.”

“आणि संध्याकाळी?”

रहिमोला आठवलं. संध्याकाळीही ओलीच होती. मुफद्दलच्या घराच्या डोंगराकडच्या भिंतीवर शेवटचा हात तिनेच फिरवला होता. तेवढ्यात सूर्यास्ताची बांग झाली, कुंचले बादलीत पडले आणि बायका घरोघर पांगल्या. त्यानंतर गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणालाच माहीत नव्हतं.

“सोमवारी त्याला तेतुआनच्या कोर्टात उभं करू,” बेनसैद म्हणाला. “तोवर काही आठवलं तर सांगा.”

ती घरी परतली तेव्हा शेजाऱ्यांनी समाचाराला येणाऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून मुफद्दलच्या गच्चीवर रचून ठेवल्या होत्या. लाल, भडक, दुखवट्याला अजिबात न शोभणाऱ्या. कालची गडद निळी भिंत सुकून फिकी झाली होती. रहिमोला सगळ्याचाच राग आला. भाऊ गेल्याचं धड रडताही येत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं की समोर हातिम दिसायचा.

शनिवारी ताहर आला. गावातल्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाचा तो चिटणीस, मुफद्दलचा जुना दोस्त. गेल्याच महिन्यात त्याला तेतुआनच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं. तो गहिवरून बोलला, चहाचे दोन पेले रिचवले.

“सी ताहर, तुम्ही शेवटचे कधी भेटलात त्याला?” रहिमोने अदबीने ‘सी’ लावून विचारलं.

“आठवडा झाला असेल. गुरुवारी यायचं मनात होतं, पण संध्याकाळ फार सुरेख पडली होती. गेलो डोंगरावरच्या पडक्या मशिदीकडे, फोटो काढायला. मी इथे आलो असतो तर...” त्याने डोळे पुसले. “पोलिसांनाही दाखवला फोटो. त्यात तारीख, वेळ, सगळं आहे.”

“मला दाखवाल? त्याची शेवटची संध्याकाळ ती.”

ताहरने कॅमेरा पुढे केला. डोंगरावरून टिपलेलं गाव, मावळतीचा उजेड, कोपऱ्यात गुरुवारची तारीख.

“तारखेचं सोडा,” तो म्हणाला. “ही बघा, मुफद्दलच्या घराची भिंत. नवा चुना! गुरुवारीच दिलात ना तुम्ही? म्हणजे आधीचा फोटो दाखवतोय असंही कुणी म्हणायला नको.”

रहिमोने फोटो मोठा केला. पुन्हा मोठा केला. मग स्वतःच्या नखांतला निळा रंग पाहिला.

“तुमच्या घरचा चुना कोण देतं हो, सी ताहर?”

“बायको देते. मी कशाला देतोय?” तो हसला. “बायकांचं काम ते.”

“बरोबर. बायकांचंच,” रहिमो म्हणाली. शेजारणीला हाक मारून तिने इन्स्पेक्टरला बोलावणं धाडलं, आणि ताहरच्या पुढ्यात तिसरा पेला ठेवला. कॅमेरा मात्र मांडीवरून हलवला नाही.

बेनसैद आला. रहिमोने दोघांना बाहेर भिंतीपाशी नेलं. उरलेल्या चुन्याच्या बादलीत कुंचला बुडवला आणि एक पट्टा ओढला. फिक्या भिंतीवर गडद, मळकट निळा डाग उमटला.

“हा ओला चुना. सुकायला रात्र जाते, मगच उजळतो. गुरुवारी बांगेपर्यंत मी इथे हात फिरवत होते. तेव्हा भिंत अशी होती, काळपट. आता यांचा फोटो बघा. भिंत फिकी आहे. मी कुंचला खाली ठेवला, त्याच घटकेला सुकली म्हणायची?”

बेनसैदने कॅमेरा घेतला.

“उजेडाचा फरक असेल!” ताहर म्हणाला. “डोंगरावरून तसंच दिसतं.”

“दिसत असेल. मग गच्चीवर तांबडं काय दिसतंय?”

बेनसैदने फोटो डोळ्यांजवळ नेला. “खुर्च्या,” तो सावकाश म्हणाला. “रचलेल्या खुर्च्या.”

“समाचाराच्या. त्या शुक्रवारी आल्या. माझा भाऊ जिवंत असताना त्याच्या समाचाराच्या खुर्च्या कोण मांडेल? फोटो शुक्रवारी संध्याकाळचा आहे. कॅमेऱ्यातलं घड्याळ एक दिवस मागे केलंत, सी ताहर. गुरुवारी अंधारात ओल्या भिंतीला हात लागला असेल, म्हणून चुना दिल्याचं कळलं. फोटोत नवा चुना हवा, एवढं सुचलं. तो सुकल्यावर उजळतो हे कुठून सुचणार? जन्मात कधी कुंचला धरलात?”

ताहरचा चेहरा उतरला.

“पण का?” बेनसैदने विचारलं.

“बक्षिसाचे फोटो मी आजवर पाहिलेच नाहीत,” रहिमो म्हणाली. “यांनी कधी दाखवलेच नाहीत. कशाचे होते, सी ताहर? अंजिराचे?”

ताहर मग मटकन उंबऱ्यावर बसला.

“मंडळाच्या कपाटात धूळ खात पडले होते त्याचे फोटो. तो कुठे पाठवणार होता? त्याला कळलं. म्हणाला, शुक्रवारच्या नमाजानंतर चारचौघांत सांगेन. मी पाया पडलो. कॅमेऱ्यातले मूळ फोटो पुसून टाक म्हटलं. ऐकेना, म्हणून कॅमेरा ओढला... पट्टा त्याच्या गळ्यात होता.”

“पडल्यावर जिवंत होता?” रहिमोने विचारलं.

ताहरने मान खाली घातली.

“माझं घर हाकेच्या अंतरावर होतं रे!” ती किंचाळली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

हातिम रविवारी सुटून आला. मामाच्या घराच्या गल्लीकडच्या भिंतीपाशी थबकला. दुपारच्या भांडणात त्याची बाही जिथे घासली होती, तिथला चुना निघाला होता.

“यम्मा, मी शेवटचं त्याला काय बोललो...”

“ठाऊक आहे. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.” रहिमोने बादली त्याच्यापुढे सरकवली. “धर कुंचला.”

“मी? लोक हसतील.”

“हसू देत.”

त्याने बिचकत पट्टा ओढला आणि चपापून हात मागे घेतला. “बिघडली गं भिंत. काळी दिसतेय.”

“दिसू दे,” रहिमो म्हणाली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. “ओली आहे ना अजून.”