सतरा नंबरची नळी

शुक्रवारी सकाळी बाई प्रयोगशाळेत लवकर आल्या त्या एका किरकोळ कामासाठी. एका कागदावर सही घ्यायची होती, बस्स. बाहेरून आलेल्या तपासनीसांनी बाईंच्या घड्याळाची तपासणी जवळजवळ संपवली होती आणि आता शेवटचं पानच उरलं होतं.

घड्याळ म्हणजे भिंतीवरचं नव्हे. माणसाचं वय वाढतं तशा त्याच्या जनुकांवर बारीक बारीक खुणा बसत जातात. त्या खुणा वाचून रक्ताच्या एका थेंबावरून माणसाचं वय सांगणारा प्रोग्रॅम बाईंनी लिहिला होता. त्यासाठी सव्वीस वर्षं खपून त्यांनी दोन लाख माणसांच्या जनुकांची माहिती एका जागी आणली होती. प्रोग्रॅम वय तर सांगायचाच, वर माणूस सिगारेट ओढतो का, सोडली असेल तर कधी, हेही सांगायचा. "तेव्हा नवरेमंडळींनी माझ्यापासून जरा लांबच राहावं," असं बाई भाषणात म्हणायच्या आणि सभागृह हमखास हसायचं.

आता तपासनीसांची सही झाली की अकरा इस्पितळं हे घड्याळ वापरायला लागणार होती. सही होणार याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका घेणं हे त्यांच्या मते इतरांचं काम होतं. त्यांनी आकडे द्यायचे, इतरांनी शंका घ्यायच्या, आणि मग त्यांनी त्या चुटकीसरशी मिटवायच्या.

तपासनीस मात्र खुर्चीत अवघडून बसले होते. समोरचा चहा तसाच निवत चालला होता.

"बाई, ही सतरा नंबरची नळी."

"काय झालं तिला?"

"पहिल्या वर्षी हिचं वय चव्वेचाळीस आलं होतं. यंदा सत्तावन्न आलंय."

बाई हसल्या. गोठवलेल्या रक्ताच्या त्या चाळीस नळ्या म्हणजे घड्याळाची परीक्षा घ्यायची त्यांची जुनी रीत. अठरा वर्षांपूर्वी, पैसे घेऊन रक्त देणारी माणसं परवडत नव्हती तेव्हा, प्रयोगशाळेतल्या मंडळींनी आणि त्यांच्या घरच्यांनी बाह्या वर केल्या होत्या. नळ्यांवर फक्त नंबर. कुणाचा कोणता, ते एका बंद पाकिटात. दरवर्षी प्रत्येक नळीतून एक थेंब काढायचा आणि वय वाचायचं. ते पहिल्या दिवसाइतकंच यायला हवं, कारण गोठवलेलं रक्त म्हातारं होत नाही.

"अहो, दरवर्षी सगळ्या नळ्यांपुढे हिरवी खूण आहे," बाई म्हणाल्या.

"आहे ना. पण तुमच्या माणसांनी दरवर्षी आकडा ताडून पाहिला तो मागच्या वर्षीच्या आकड्याशी. एका वर्षाचा फरक चालतो, असा तुमचाच नियम. चव्वेचाळीसचं पंचेचाळीस झालं, हिरवी खूण. पंचेचाळीसचं सेहेचाळीस, हिरवी खूण. असं तेरा वेळा." त्यांनी कागद पुढे सरकवला. "आणि हे बघा. सिगारेट. आधी लिहिलंय, सोडून बारा वर्षं झाली. आता लिहिलंय, रोज एक पाकीट."

बाईंनी कागद घेतला, पाहिला आणि परत ठेवला. चूक अगदी बावळटासारखी होती. असली चूक फक्त हुशार माणसांच्या हातूनच होते, हे त्यांना ठाऊक होतं.

"बाकीच्या एकोणचाळीस?"

"जागच्या हलल्या नाहीत. त्यामुळे मी एक सुचवू का? ही नळी खराब झाली असं लिहा, यादीतून काढा, मी आत्ता सही करतो."

"नाही," बाई म्हणाल्या. "गैरसोयीची नळी यादीतून काढायची नाही, हे मी इथे प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते. सोमवारी तुमच्या डोळ्यांसमोर परत वाचू."

"नळीत जेमतेम एकच थेंब शिल्लक आहे म्हणे."

"एकच लागतो."

तपासनीस गेल्यावर बाईंनी दाराला कडी घातली, खण उघडला आणि पाकीट फोडलं. यादी त्यांच्याच अक्षरात होती. सतरा नंबरच्या पुढे त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं.

नवरा जाऊन तेरा वर्षं झाली होती. ते शाळेत भूगोल शिकवायचे. संध्याकाळी शाळा सुटली की बाईंना न्यायला यायचे आणि प्रयोगशाळेच्या जिन्याखालच्या बाकावर पेपर उघडून बसायचे. बाईंचं काम कधी वेळेवर संपलंय? पण माणूस तक्रारीचा नव्हता. "तुझं आवरू दे, मला काही घाई नाही," एवढंच म्हणायचा. एके दिवशी बाईंनी वरून सांगितलं, दहा मिनिटांत येते, आणि त्या दोन तासांनी खाली उतरल्या. ते बाकावर मान टाकून बसले होते, पेपर मांडीवर तसाच. हृदयानं दगा दिला, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात ते बाक तिथून काढायला लावलं. त्या दोन तासांबद्दल त्या कुणाशी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि ते दोन तास त्यांना रोज आठवत आले होते.

आता त्यांनी यादीच्या कडेला बेरीज मांडली. चव्वेचाळीस अधिक तेरा. गणित पहिलीतल्या पोरालाही जमलं असतं. नवरा जिवंत होता तोवर नळी चव्वेचाळीसवरच होती. तो गेला त्या वर्षापासून ती वयानं वाढायला लागली होती.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मजला रिकामा झाला तेव्हा बाई शीतखोलीत गेल्या. जाड हातमोजे चढवले, मोठ्या फ्रीझरचं दार ओढलं. आतून पांढरी वाफ पायांवर उतरली. यंत्राची घरघर एका लयीत चालू होती. सतरा नंबरची नळी तिच्या जागेवर होती. तळाशी काळपट लाल ठिपका, एवढाच. शेजारच्या सगळ्या नळ्यांवर बर्फाची भुकटी जमली होती. हिच्यावर नव्हती.

आणि वास येत होता. उणे ऐंशी अंशांना कशालाच वास नसतो. पण तो वास बाईंना झोपेतही ओळखता आला असता. लेक जन्मली त्या दिवसापर्यंत तो त्यांच्या घरात, पडद्यांत, उशांत होता. 'सिगारेट तरी राहील नाहीतर मी तरी', असं त्यांनी दवाखान्यातल्या खाटेवरून बजावलं होतं, आणि नवऱ्यानं पाकीट तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं.

दुसरं कुणी असतं तर किंचाळत सुटलं असतं. बाईंना आधी राग आला.

"काय हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "परत सुरू केलीत? माझी पाठ वळली नाही तोच? मला काही कळणार नाही असं वाटलं? अहो, तेच तर माझं काम आहे... आजच्या आज सोडा."

घरघर चालू होती. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांना हसूही आलं. दार लावता लावता त्या म्हणाल्या, "आणि एकट्याला करमत नसेल तर तसं सांगा. न्यायला या मला. सवय आहेच तुम्हाला."

यंत्राची घरघर थांबली.

ती मधून मधून थांबतेच. थंडी पुरेशी झाली की यंत्र आपोआप बंद होतं, हे बाईंना चांगलं माहीत होतं. पण त्या शांततेत कुणीतरी श्वास रोखून ऐकत असावं असं काहीसं वाटलं... मग घरघर परत सुरू झाली आणि बाई जेवायला गेल्या. दोन घास जास्तच खाल्ले.

रविवारी लेकीचा फोन आला. तिला सातवा महिना होता.

"आई, तू येणार आहेस ना वेळेवर? की तेव्हाही दहा मिनिटांत येते म्हणशील?"

हे लेक सहज बोलली. तिला त्या दोन तासांचं काही माहीत नव्हतं.

"तुझ्या आधी मी हजर असेन तिथे. दोन महिन्यांची रजा टाकतेय," त्या म्हणाल्या. "काहीही झालं तरी येणार. तुझी शप्पथ."

फोन ठेवल्यावर त्यांना पहिल्यांदाच वाटलं की शीतखोलीतलं ते शेवटचं वाक्य आपण बोलायला नको होतं. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं. दोन लाख माणसांचं रक्त वाचलेल्या बाईनं असलं काही मनात आणायचं म्हणजे फारच झालं.

सोमवारी सकाळी तपासनीसांच्या समोर सतरा नंबरची नळी उघडली. बाईंनी थेंब स्वतः काढला. मात्र रिकामी नळी खाली ठेवताना त्यांना अतोनात वाईट वाटलं. तेरा वर्षं हा माणूस इथे, त्या बाकाच्या जागेपासून दोन मजले वर, आपल्याजवळ होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. आता विचारायला काही उरलं नाही.

यंत्रात थेंब वाचून व्हायला अडीच तास लागले. उत्तर पडद्यावर आलं तेव्हा तपासनीसांनी चष्मा वर केला.

"वय सत्तावन्न. तेच." त्यांनी खालची ओळ वाचली. "सिगारेट... सोडली आहे, असं येतंय."

"किती वर्षं झाली सोडून?"

"वर्षं नाहीत. नुकतीच, असं म्हणतोय. तीन दिवस." ते मोकळेपणी हसले, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे. "हे तर अशक्यच आहे ना? जिवंत माणसाच्या अंगावरच्या या खुणा पुसट व्हायलासुद्धा महिने जातात. म्हणजे नळीच खराब. तुमचा नियमही पाळला गेला, नळी परत वाचली. घड्याळाचा काही दोष नाही, बाई. आणा तो कागद."

त्यांनी सही केली. मजल्यावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी बिस्किटांचे पुडे फोडले. बाईंनी सगळ्यांचे हात हातात घेतले, दोन विनोद केले, त्यांवर मंडळी हसलीही. सव्वीस वर्षांचं काम पार पडलं होतं आणि बाईंना खरोखर आनंद झाला होता. पण त्या आनंदाच्या खालून एक विचार पाण्यासारखा वर येत होता. शुक्रवारी शीतखोलीत आपण नवऱ्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक त्यांनी ऐकली.

टेबलावरचा फोन वाजला. खालच्या दारावरचा वॉचमन होता. महिन्याभरापूर्वीच कामाला लागलेला, आवाजात अजून नवखेपणा होता.

"बाई, एक साहेब आलेत तुम्हाला न्यायला. वर पाठवू का विचारलं, तर नको म्हणाले. तिचं आवरू दे, मला काही घाई नाही, म्हणाले. जिन्याखालच्या बाकावर बसलेत."

मागे हशा पिकला होता, कुणीतरी बाईंना हाक मारत होतं. बाईंनी रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

"जिन्याखाली बाक नाहीये, अहो," त्या म्हणाल्या.

"आहे की बाई. मला इथून दिसतंय. पेपर वाचताहेत."

बाईंची नजर टेबलावरच्या रजेच्या अर्जावर गेली. दोन महिन्यांची रजा, लेकीच्या बाळंतपणासाठी. त्यांनी तो अर्ज उचलला आणि छातीशी धरला.

"ते... ते सिगारेट ओढताहेत का?"

"नाही बाई," वॉचमन म्हणाला. "मी माझ्यातली एक देत होतो. नको म्हणाले. शुक्रवारीच सोडली, म्हणाले."